काटा मधोमध धरला म्हणजे वजन होत नाही



भात घरात आलं. झोडणी उरकली, पेंढा रचून झाला, आणि जमिनीत ओल आहे तोवर वाल टाकून घेतले. आता संध्याकाळचे जरा हात मोकळे असतात. हात मोकळे झाले की माणूस मोबाईल धरतो, आणि मोबाईल धरला की राजकारण सुरू. त्यात निवडणुकीची हवा. त्यामुळे आजची नोंद पिकाची नाही, वादाची आहे.

काही जण म्हणतील, शेतीच्या पानावर राजकारण कशाला? पक्षाचा प्रचार मी इथे कधी केला नाही, आजही करणार नाही. पण वाद घालायची जी रीत पडत चाललीय, तिचं नुकसान शेवटी बांधावर येऊन पोचतं. कसं ते सांगतो.

मागच्या पावसाळ्यात एका पोरानं गावच्या ग्रुपवर फोटो टाकला. गावरस्त्याखालची मोरी गाळानं आणि प्लॅस्टिकनं बुजलेली, वरच्या अंगाच्या चार खाचरांत पाणी तुंबलेलं, आणि भात नुकतंच निसवायला लागलेलं. निसवतीला भात बुडून राहिलं की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दाणा भरत नाही, हातात पळिंज येतं. पोरानं विचारलं एवढंच, "ही मोरी कोणाकडे येते? अर्ज कुठे द्यायचा?"

पहिलं उत्तर आलं, "तुमच्याच माणसाला मत दिलंत ना, आता भोगा." दुसरं आलं, "सत्तर वर्षं काय केलं ते आधी सांगा." पाचव्या मेसेजला नेहरू आले, नवव्याला इलेक्टोरल बाँड. तासाभरानं एक वडीलधारे काका बोलले, "सगळे पक्ष सारखेच. दोघांचंही थोडं थोडं चुकतं. विषय बंद करा." सगळ्यांनी अंगठे दाखवले. विषय बंद झाला. मोरी मात्र बंदच होती. तो रस्ता ग्रामपंचायतीचा की जिल्हा परिषदेचा, हे त्या साठ-सत्तर मेसेजांत एकानंही लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी चौघांनी फावडी घेऊन मोरी उपसली, तोवर दोन खाचरांचं भात गेलं होतं.

यात भांडणारे चुकले हे सगळ्यांना दिसतं. मला आज जास्त बोलायचंय ते त्या काकांच्या वाक्याबद्दल. "सगळेच सारखे" हे वाक्य समजूतदार वाटतं. बोलणारा शांत असतो, कोणाच्या बाजूचा नसतो, म्हणून आपण मान डोलावतो. पण जरा थांबून बघा. भांडणाऱ्यांनी मोरीची चौकशी केली नाही आणि काकांनीही केली नाही. एकानं आपल्या पक्षाकडे बघून उत्तर दिलं, दुसऱ्यानं दोन्ही पक्षांकडे बघून. मोरीकडे कोणीच बघितलं नाही.

भात विकणाऱ्याला हे समजायला जड नाही. पणन महासंघाच्या केंद्रावर हमीभावानं भात घालायचं असेल, तर ओलावा १७ टक्क्यांच्या वर चालत नाही. २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. समजा माझ्या भाताचा ओलावा १४ आला आणि शेजाऱ्याच्या भाताचा २०. आता कोणी म्हणालं, "भांडू नका, दोघांची सरासरी काढू, १७ येते, दोघंही पास." ऐकायला किती गोड! पण यात झालं काय? माझ्या उन्हात वाळवण्याच्या मेहनतीला किंमत राहिली नाही आणि ओलं भात कोरड्याच्या नावावर खपलं. वर दोन्ही एकत्र ओतलं तर रास आतून तापणार, बुरशी धरणार, म्हणजे माझंही भात जाणार. सरासरीचा फायदा नेहमी ओल्या भातवाल्याला होतो, म्हणून ती मागतोही तोच.

वादातही असंच आहे. ज्याची बाजू पुराव्यात कच्ची असते त्याला "दोन्ही बाजू सारख्या" हे वाक्य फार आवडतं. जिंकता येत नसेल तर बरोबरी तरी पदरात पडते.

उलट बाजूही सांगतो. ज्यानं आधीच ठरवलंय की आपल्या पक्षाचं भात कोरडं आणि समोरच्याचं ओलं, तोही ओलावा मोजत नाही. म्हणजे कट्टर पक्षवाला आणि "सगळेच सारखे" म्हणणारा हे एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोघांचं एका गोष्टीवर एकमत आहे: मोजायचं नाही.

आता आपल्या दारातलंच उदाहरण घेऊ. मुंबई-गोवा महामार्ग. पूर्वी याचा नंबर १७ होता, आता ६६. आमच्या कासूचं नाव बाहेरच्या माणसाला माहीत असलं तर ते दोनच कारणांनी. एक रेल्वेचं स्टेशन, आणि दुसरं "पळस्पे ते कासू" आणि "कासू ते इंदापूर" ही रखडलेल्या कामाची नावं. (इंदापूर म्हणजे माणगावकडचं, पुण्याकडचं नव्हे.) पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतचे ८४ किलोमीटर चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. २०१४ पर्यंत संपायचं होतं. जमीन पूर्ण ताब्यात नव्हती, कर्नाळा अभयारण्याच्या पट्ट्यात परवानग्या अडल्या, पुढे ठेकेदार पैशाच्या अडचणीत आला. मग काम तोडून बेचाळीस-बेचाळीस किलोमीटरच्या दोन तुकड्यांत नव्यानं द्यावं लागलं. तो तोड बरोबर आमच्या कासूवर पडला. मार्च २०२३ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी पळस्पे-कासू टप्प्याच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन केलं, सुमारे अडीचशे कोटींचं. २०२३ चा डिसेंबर ही मुदत सांगितली गेली, ती गेली. मग २०२५ चा जून सांगितला गेला, तोही गेला.

या रस्त्यावरचा वाद तुम्ही दर गणपतीला ऐकता. चाकरमानी वडखळला अडकला की सुरू होतो. एक म्हणतो, "काम काढलं कोणी? २०११ ला काँग्रेसचं सरकार. पाया त्यांनीच कच्चा घातला." दुसरा म्हणतो, "२०१४ पासून दिल्लीत कोण आहे?" तिसरा म्हणतो, "सगळ्यांनीच खाल्लं, कशाला वाद घालता." आणि खरंच, या रस्त्यानं सगळ्यांना पाहिलंय. केंद्रात २०१४ पर्यंत यूपीए, नंतर भाजप आघाडी. राज्यात आधी काँग्रेस-राष्ट्रवादी, मग भाजप-शिवसेना, मग २०१९ ते २०२२ महाविकास आघाडी, मग महायुती. म्हणजे "सगळेच सारखे" म्हणायला यापेक्षा चांगली जागा मिळायची नाही. म्हणूनच मी हे उदाहरण घेतलंय. इथेही ते वाक्य टिकत नाही, हे दाखवतो.

आधी एक प्रश्न: कुठला किलोमीटर? पळस्पे ते इंदापूर हा टप्पा केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे होता. इंदापूरच्या पुढे, म्हणजे माणगाव, महाड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा असं थेट सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंत, काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे दिलं गेलं. पैसा केंद्राचा, देखरेख राज्याच्या खात्याची. एवढं कळलं की अर्धी भांडणं गळून पडतात. महाविकास आघाडीच्या काळात पेणच्या खड्ड्याचा फोटो टाकून "बघा राज्य सरकारचा कारभार" म्हणणारे होते. त्याच काळात चिपळूणच्या बाजूच्या रखडपट्टीसाठी फक्त दिल्लीला शिव्या घालणारेही होते. सरकार बदललं की हेच लोक उलट बोलू लागले. रस्ता तोच, खड्डा तोच. फक्त मालक सोयीनं कधी केंद्र तर कधी राज्य.

दुसरा प्रश्न: कुठलं वर्ष, कुठलं काम? २०११ ते २०१४ या काळाच्या खात्यावर काय जमा होतं? जमीन आणि परवानग्या हातात नसताना काम सुरू करणं. ही चूक लहान नाही, पुढची बरीच रखडपट्टी तिथून निघाली. आणि २०१४ नंतरच्या खात्यावर? अडलेलं काम सोडवायला मिळालेली अकरा-बारा वर्षं, आणि एकामागून एक दिलेल्या मुदती. पहिल्यानं पेरणी चुकीची केली हे खरं. पण दहा-अकरा हंगाम हातात मिळालेल्यानं "पेरणी माझी नव्हती" हे किती हंगाम सांगायचं? आमच्या या ८४ किलोमीटरपुरतं बोलायचं तर माझ्या काट्यावर दुसरं पारडं जड आहे. कारण दोन आहेत, काळ आणि ताबा. टप्पा सगळा वेळ केंद्राकडे, आणि त्यातला बराच मोठा काळ एकाच पक्षाकडे, एकाच मंत्र्याकडे. कोणी वेगळी वर्षं, वेगळे कागद दाखवले तर पारडं हलेल. झेंडा दाखवल्यानं हलणार नाही.

आता त्याच काट्यावर दुसरं वजन ठेवतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा वाहून गेली. आपल्या कोकणातली माणसं गेली. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. हेही त्याच मंत्र्याच्या, त्याच सरकारच्या काळातलं. पहिली गोष्ट लिहिणारा दुसरी लिहिताना अडखळला, तर समजा तो वजन करत नाहीये. आणि दुसरी गोष्ट सांगून पहिली झाकणाराही वजन करत नाहीये. पूल लवकर झाला म्हणून रस्त्याचा उशीर फिटत नाही. उलट प्रश्न जास्त टोकदार होतो: मनावर घेतलं तर १६५ दिवसांत पूल होतो, मग इथे काय आडवं आलं?

हा प्रश्न घोषणा देणाऱ्यांनी पुढे नेला नाही. चिपळूणकडचे वकील ओवेस पेचकर यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि तिथे सरकारी खात्यांना टप्पे, तारखा, किती काम झालं आणि किती राहिलं हे लिहून द्यावं लागलं. कोर्टात "सगळेच सारखे" असं प्रतिज्ञापत्र चालत नाही. तिथे किलोमीटर सांगावा लागतो.

दुसरं उदाहरण शेतीतलंच, २०२० च्या तीन कृषी कायद्यांचं. वर्षभर दिल्लीच्या सीमेवर शेतकरी बसले होते आणि आमच्याकडे मोबाईलवर लढाई चालली होती. कायदे बरे म्हणणारा "भक्त", वाईट म्हणणारा "दलाल", आणि मधला म्हणायचा, "थोडं चांगलं, थोडं वाईट, फिफ्टी-फिफ्टी." कायदे आता राहिले नाहीत. १२ जानेवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली, १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी माघारीची घोषणा केली आणि महिनाअखेर संसदेनं ते रद्द केले. आता डोकं थंड आहे, तर एकेक दावा सुपात घेऊन पाखडू.

दावा पहिला: "करार शेतीत कंपनी जमीन घेऊन जाईल." करार शेतीच्या कायद्यात शेतकऱ्याच्या जमिनीची विक्री, भाडेपट्टा, गहाण असा कुठलाही करार करायला मनाई लिहिलेली होती. वसुलीसाठी जमिनीवर टाच आणायलाही मनाई होती. म्हणजे कागदावर तरी हा दावा पळिंज. कर्जात बुडालेल्या माणसाची जमीन इतर वाटांनी जाते ही भीती खरी आहे, पण तो वेगळा दावा आहे आणि वेगळाच तोलायला हवा.

दावा दुसरा: "हमीभावाला हात लागणार नाही, तसं सरकारनं सांगितलंय." सांगितलं होतं, पण कायद्यात त्याची हमी कुठेही लिहिलेली नव्हती. व्यवहारात तोंडी शब्द आणि स्टँप पेपर यातला फरक आपल्याला कळतो. हा दावा अर्धा भरलेला दाणा.

दावा तिसरा: "वाद झाला तर कोर्टात जाता येणार नाही." बरोबर. दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद करून वाद प्रांताकडे आणि तिथून वर महसुली अधिकाऱ्याकडेच न्यायचा होता. ज्यानं सातबाऱ्याच्या एका नोंदीसाठी प्रांत कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात, त्याला हा मुद्दा किती वजनाचा आहे ते विचारा. हा भरलेला दाणा.

दावा चौथा: "शेतकऱ्याला पहिल्यांदाच बाजाराबाहेर विकायचं स्वातंत्र्य मिळालं." महाराष्ट्रापुरता हा पोकळ. खाजगी बाजार, थेट खरेदी आणि करार शेतीला आपल्या राज्यानं २००६ च्या आसपासच कायद्यात जागा दिली होती. फळं-भाजी २०१६ मध्ये बाजार समितीच्या बंधनातून मोकळी झाली. म्हणजे इथल्या माणसाला एक फार चांगली सोय होती: अंदाज करण्याऐवजी, इतक्या वर्षांत त्या मोकळिकीनं आपलं काय भलं-बुरं झालं ते बघता आलं असतं. कोणाला किती भाव मिळाला, पैसे कधी मिळाले, बुडाले तर कोणाकडे दाद मिळाली. त्यावर मी फारशी चर्चा ऐकली नाही. पंजाबचा शेतकरी खरा की खोटा, यावरच सगळा जोर.

चार दावे, चार वेगळे निकाल. यात फिफ्टी-फिफ्टी कुठे आहे? आणि एका पक्षाचा सरसकट विजय तरी कुठे आहे?

पक्षांचं म्हणाल तर त्यांच्या टोप्या कशा फिरल्या तेही बघा. काँग्रेसनं २०१९ च्या जाहीरनाम्यात बाजार समिती कायदा रद्द करू म्हटलं होतं. पुढच्याच वर्षी कायद्यांना विरोध. भाजपनं २०१४ च्या प्रचारात उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफ्याचं आश्वासन दिलं होतं. २०१५ मध्ये त्यांच्याच सरकारनं सर्वोच्च न्यायालयात ते जमणार नाही असं लिहून दिलं. आपल्या राज्यात तर ऑगस्ट २०२० मध्ये पणन संचालकांनी केंद्राच्या अध्यादेशांची अंमलबजावणी करा म्हणून आदेश काढला, आणि सप्टेंबरअखेर महाविकास आघाडीच्या सरकारनंच त्याला स्थगिती दिली. शेतकरी नेत्यांतही एकमत नव्हतं. शेतकरी संघटनेचे अनिल घनवट कायद्यांच्या बाजूनं होते, राजू शेट्टी विरोधात. दोघंही शेतीतलेच. म्हणजे "शेतकरी म्हणून माझं मत हेच असलं पाहिजे" असंही काही नसतं.

पण थांबा. हे सगळ्यांचं लिहिलं म्हणून "बघा, सगळेच सारखे" असा निष्कर्ष काढू नका. टोपी फिरवली हा प्रत्येकाचा वेगळा हिशेब आहे. त्यानं कायद्यातलं कलम बरोबर की चूक हे ठरत नाही. चोराच्या तोंडून वेळ विचारली तरी घड्याळात वाजलेले असतात तेवढेच वाजतात.

हा रोग आपल्याच गावात नाही बरं का. ब्रिटनच्या बीबीसीला निष्पक्षपणाचा मोठा अभिमान. त्यांच्या विश्वस्त मंडळानं विज्ञानाच्या बातम्यांची तपासणी करायला स्टीव्ह जोन्स नावाच्या प्राध्यापकांना सांगितलं. २०११ साली अहवाल आला. त्यात एक दोष असा निघाला की निष्पक्ष दिसण्याच्या नादात, ज्या गोष्टीवर जवळपास सगळे शास्त्रज्ञ एका बाजूला आहेत तिथेही समोर एक विरोधक बसवून दोघांना सारखंच महत्त्व दिलं जातं. हवामान बदलाच्या चर्चेत तसं झालं. बघणाऱ्याला वाटतं, शास्त्रज्ञांतच अजून निम्मे-निम्मे मतभेद आहेत. दोन खुर्च्या सारख्या मांडल्या म्हणून त्यावर बसलेले पुरावे सारखे होत नाहीत. ज्याच्या कापणीवर अवेळी पाऊस पडतो, त्यानं तर हे नीट लक्षात ठेवावं.

आता कोणी विचारेल, मग बाजू घ्यायचीच नाही का? वजन करत बसायचं आणि गप्प राहायचं? नाही. वजन करायचं ते निकाल द्यायलाच. आणि निकाल देणं म्हणजे पक्षपात नव्हे. आपल्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात, पोयनाडजवळ चरी गाव आहे. १९३३ ला तिथल्या कुळांनी संप केला. खोताची जमीन कसायचीच नाही असं ठरवलं. पंचवीस गावं, आणि संप चालला १९३९ पर्यंत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. सहा वर्षं शेतं ओस, माणसं लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून जगली, पण मागे हटली नाहीत. खोतांचीही बाजू होती. त्यांच्याकडे कागद होते, जुना हक्क होता, वकील होते. त्या वेळीही सांगणारे असतीलच की दोघांनी थोडं थोडं सोडा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ मध्ये चरीला आले, शेतकऱ्यांच्या सभेत बोलले. त्यांनी खोत आणि कूळ यांची सरासरी काढली नाही. राबतो कोण, पिकाचा वाटा जातो कुठे, वेठ कोण करतं, हे बघितलं आणि १९३७ च्या सप्टेंबरात मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. सरळ बाजू घेतली. खोती कायद्यानं गेली ती पुढे १९४९ साली. बाजू घेणं आणि पक्षपात यातला फरक इथे कळतो. बाबासाहेबांनी आधी तोललं, मग बाजू घेतली. पक्षपाती माणूस आधी बाजू घेतो आणि मग काट्यावर अंगठा ठेवतो. आणि खोटा मध्यस्थ काय करतो? तो काट्याची दांडी मधोमध हातानं धरून ठेवतो आणि म्हणतो, बघा, कसा समतोल आहे! काटा मधोमध थांबतो तो दोन्ही पारड्यांत सारखं वजन असेल तरच. हातानं धरला तर ते वजन नाही, ती मापातली चोरीच आहे. व्यापाऱ्यानं असं केलं तर आपण खळ्यावरून हाकलू.

आता कामाचं. कुठलाही राजकीय मेसेज आला की मी चार गोष्टी बघतो. तुम्हाला पटल्या तर घ्या.

एक, पक्षाचं नाव बदलून वाचायचं. "अमक्या सरकारनं मुदत चुकवली" यात अमक्याच्या जागी आपल्या आवडत्या पक्षाचं नाव घालायचं. मग राग कमी झाला तर समजावं की राग मुदतीचा नव्हता.

दोन, काम कोणत्या कचेरीचं ते विचारायचं. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, बांधकाम खातं, पाटबंधारे, खारभूमी, केंद्र. कचेरी कळली की वादातले निम्मे लोक आपोआप गप्प होतात, कारण त्यांना ते माहीतच नसतं.

तीन, एका मेसेजात चार दावे असतील तर चारही वेगळे करायचे. एक खरा निघाला म्हणून बाकीचे खरे नसतात, आणि एक खोटा निघाला म्हणून बाकीचे खोटे नसतात. भात उपणताना सगळी रास एकदम वाऱ्यावर फेकत नाही, सूप-सूप सोडतो.

चार, "सगळेच सारखे" म्हणणाऱ्याला प्रेमानं विचारायचं, "काका, किती सारखे? मोजून सांगा." मोजून खरंच सारखे निघाले तर मान्य करायचं. तसंही होतं कधी कधी. पण ते मोजल्यावर.

यानं वाद थांबतील असं मी म्हणत नाही. वाद थांबूही नयेत. गावात मतभेद नसतील तर समजावं की बोलायला लोक घाबरतायत. घरात बाप एका पक्षाचा आणि पोरगा दुसऱ्या पक्षाचा असला तरी दोघं मिळून एकाच खाचरात लावणी करतात, हे आपण रोज बघतो. चिखलात उतरलं की पाणी किती आणि रोप किती वाढलंय, यावरच बोलावं लागतं. तेवढी एकच सवय मोबाईल हातात घेतल्यावरही ठेवायची आहे.

खाली तुमचं मत लिहा, विरोधात असेल तर अगदी जरूर लिहा. रस्त्याबद्दल लिहिणार असाल तर किलोमीटर, कचेरी आणि तारीख लिहा. भाताबद्दल लिहिणार असाल तर केंद्र कुठलं, भाव किती, पैसे किती दिवसांनी खात्यात आले ते लिहा. पक्षाचं नाव लिहायला मनाई नाही. फक्त ते शेवटी लिहा.